ऑटोकॅड अचानक वेड्यासारखं वागायला लागलं तर: आधी बिघाड राहतो कुठे ते शोधा

आपण दहा मिनिटं जागेवरून उठतो, परत येऊन बसतो आणि समोरचं ड्रॉइंग ओळखीचंच वाटत नाही. क्रॉसहेअर (कर्सरची फुलीसारखी खूण) तिरका झालेला असतो, नाहीतर सगळ्या टेक्स्टच्या जागी नुसते चौकोन, नाहीतर ओपन म्हटलं की फाइल निवडायची खिडकी येतच नाही, खाली कमांड लाइनवर फाइलचं नाव मागत बसतं. कधी बाजूच्या टेबलावरच्या कोणीतरी गंमत केलेली असते, कधी एखादी लिस्प (ऑटोकॅडच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) अर्ध्यातच बंद पडलेली असते, कधी आपलाच हात चुकून एफ९ वर पडलेला असतो. मी बरीच वर्षं ड्राफ्टिंग करते आणि टीममध्ये कोणाचं ऑटोकॅड अडलं की हाक मलाच येते, त्यामुळे अनुभवाने सांगते, कारण कुठलंही असो, दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची असते. वेळ जातो तो शोधण्यात. आणि लोक शोधायला लागतात ते नेमकं उलट्या टोकाकडून, थेट सॉफ्टवेअर काढून परत टाकतात, अर्धा दिवस जातो आणि बिघाड तसाच, कारण तो सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच, ड्रॉइंगमध्ये होता.

खाली कमांड आणि व्हेरिएबलची (म्हणजे ऑटोकॅडच्या एकेका सेटिंगची) नावं आपण जशी बोलतो तशीच लिहिलीयेत. कमांड लाइनवर पहिली तीन-चार अक्षरं टाकलीत की जुळणाऱ्या नावांची यादी आपोआप उघडते, त्यातून निवडा. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड वापरत असाल तरी यातली बरीचशी नावं तीच आहेत.

काहीही करण्याआधी

सेव्ह करू नका. ही सवय हाताला लागलेली असते, काही विचित्र दिसलं की बोटं आपोआप कंट्रोल एस कडे जातात आणि मग बिघडलेली सेटिंग ड्रॉइंगमध्ये पक्की बसते. आधी दोनदा एस्केप दाबा, मग रीजेनऑल चालवा, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं नव्याने काढलं जातं. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, गोल वर्तुळ अष्टकोनी दिसणं किंवा चाक फिरवूनही झूम पुढे न सरकणं या दोन तर हमखास. नाही मिटलं तर सेव्ह ॲज करून एक कॉपी बाजूला काढा आणि जे काय करून बघायचंय ते त्या कॉपीवर.

बिघाड चारपैकी एका ठिकाणी असतो

ऑटोकॅड १९८२ पासून आहे, आणि इतक्या वर्षांत त्यात शेकडो सिस्टम व्हेरिएबल साचलेत. पण प्रत्येक व्हेरिएबल कुठेतरी साठवलेलं असतं आणि ते कुठे साठवलंय हे कळलं की शोध एकदम आवळून येतो. काही ड्रॉइंगच्या फाइलमध्येच साठतात, काही विंडोजच्या रजिस्ट्रीत आपल्या प्रोफाइलखाली, काही कुठेच साठत नाहीत, प्रोग्राम बंद केला की गेले. आणि चौथी जागा म्हणजे मशीन, ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर.

तपासायचं असं. ते ड्रॉइंग उघडंच ठेवा आणि एक नवं ड्रॉइंग काढा. नव्यात सगळं नीट असेल तर बिघाड त्या ड्रॉइंगमध्ये आहे. नव्यातही तेच होत असेल तर प्रोफाइलमध्ये. इथे एक फसगत होते ती लक्षात ठेवा, कोणी टेम्प्लेटच बदलून ठेवलं असेल तर नवं ड्रॉइंगसुद्धा बिघडलेलंच जन्माला येतं आणि आपण उगाच प्रोफाइल खणत बसतो, म्हणून तपासणीसाठी नवं ड्रॉइंग काढताना टेम्प्लेट निवडायच्या खिडकीत ओपनच्या बाजूच्या बाणावर क्लिक करून ‘टेम्प्लेटशिवाय, मेट्रिक’ हा पर्याय घ्या. त्यानंतर ऑटोकॅड पूर्ण बंद करून परत सुरू करा. गायब झालं तर ते त्या सेशनपुरतं होतं. आणि दुरुस्त केलं, बंद करून उघडलं, की परत तेच, असं होत असेल तर कुठलातरी कोड सुरुवातीलाच चालून ती सेटिंग परत परत लावतोय, त्याकडे पुढे येते.

तिरका क्रॉसहेअर

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण दिसायला ही सगळ्यात निरुपद्रवी गंमत आहे आणि माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त नुकसान हिनेच केलंय.

आमच्याकडे एकाने नव्या मुलाच्या मशीनवर स्नॅपअँग, म्हणजे क्रॉसहेअरचा कोन, १ करून ठेवलं. एक अंश. क्रॉसहेअर एक अंशाने फिरला तर तो पटकन डोळ्याला कळत नाही, विशेषतः क्रॉसहेअर छोटा ठेवला असेल तर. मुलगा ऑर्थो (रेषा फक्त आडवी किंवा उभीच काढू देणारी सोय) लावून दुपारभर भिंती काढत बसला, आणि ऑर्थो हा स्नॅपच्या कोनाप्रमाणे चालतो, त्यामुळे त्याची प्रत्येक आडवी रेषा एक अंश वर चढत गेली. सहा मीटरच्या भिंतीला एक अंश म्हणजे दुसऱ्या टोकाला जवळजवळ १०५ मिलिमीटर. दुसऱ्या टोकाला जुन्या भिंतीशी सांधा जुळेना तेव्हा त्याला वाटलं आपलंच माप चुकलं, आणि त्याने रेषा ताणून जुळवली. मी बघायला गेले तोपर्यंत काही रेषा एक अंशात, काही ताणलेल्या, काही सरळ. तो पोरगा रडकुंडीला आला होता. गंमत करणारा वाईट नव्हता, दोन मिनिटांत हसून सांगणार होता, मध्येच त्याला मीटिंगला बोलावलं आणि तो विसरला.

तर क्रॉसहेअर तिरका दिसला की क्रमाने हे बघा. आधी स्नॅपअँग टाईप करा, शून्य नसेल तर शून्य करा. क्रॉसहेअरचे दोन हात काटकोनातच नसतील, तिरकस कात्रीसारखे दिसत असतील तर कोणीतरी आयसोमेट्रिक स्नॅप लावलाय, स्नॅपस्टाइल शून्य करा. तेही नसेल तर यूसीएस, म्हणजे ड्रॉइंगचे एक्स-वाय अक्ष, फिरवलेला असणार, यूसीएस टाईप करून एंटर आणि परत एंटर, म्हणजे तो वर्ल्डवर जातो. त्यानंतर प्लॅन आणि दोनदा एंटर, म्हणजे बघायचा कोनही सरळ होतो. प्लॅन विसरू नका, कारण काही वेळा यूसीएस जागेवर असतो आणि फक्त व्ह्यूच फिरवलेला असतो, अख्खं ड्रॉइंग कागद तिरका ठेवल्यासारखं दिसतं पण मापं बरोबर असतात. अशा वेळी घाबरून रोटेट करू नका, ड्रॉइंग सरळच आहे, आपली मान तिरकी आहे.

मग जे काढलंय ते खरंच वाकडं झालंय का ते बघा. एखादी आडवी रेषा निवडा आणि प्रॉपर्टीजमध्ये अँगल वाचा. इथे अजून एक खड्डा आहे, कोनाची प्रिसिजन शून्य दशांश असेल, आणि बहुतेक टेम्प्लेटमध्ये ती तशीच असते, तर ०.३ अंशाची रेषासुद्धा प्रॉपर्टीजमध्ये ० अंश दाखवते. आधी युनिट्समध्ये जाऊन कोनाला चार दशांश द्या, मग वाचा. वाकड्या रेषा सापडल्या तर फक्त तेवढ्याच निवडून रोटेट, त्यात रेफरन्स, वाकड्या रेषेची दोन टोकं दाखवायची आणि नवा कोन ०. सगळं ड्रॉइंग एकत्र निवडून फिरवायचा मोह होतो, पण मग जे सरळ होतं ते वाकडं होतं.

कर्सर उड्या मारत असेल किंवा एका जागी चिकटून बसला असेल तर तो एफ९, म्हणजे स्नॅप चालू आहे आणि त्याचं अंतर भलतंच मोठं आहे.

हाताला लागणाऱ्या गोष्टी

फाइल उघडायची खिडकी येत नाही, त्याला फाइलडाया १ करा. ही गंमत म्हणूनही करतात, पण जास्त वेळा एखादी स्क्रिप्ट किंवा लिस्प ते ० करते आणि शेवटी परत १ करायच्या आधीच अडकून पडते. हे रजिस्ट्रीत साठतं म्हणून मशीन बंद करून चालू केलं तरी जात नाही. एकदम घाईत असाल तर फाइलच्या नावाच्या जागी ~ एवढंच चिन्ह टाकून एंटर मारा, खिडकी येते.

एक वस्तू निवडली, दुसरी निवडली की पहिली सुटते, हे पिकअ‍ॅड शून्य झाल्यामुळे, २ करा. आधी निवडून मग डिलीट दाबलं तर काहीच होत नाही, पिकफर्स्ट १ करा. डबल क्लिकवर टेक्स्ट एडिट होत नाही, डबल क्लिक एडिट चालू करा, त्याचं नाव डीबीएल ने सुरू होतं. माउसचं चाक उलटं चालतंय तर झूमव्हील ०, चाक दाबून पॅन होत नाही तर एमबटनपॅन १. निवडलेली वस्तू उठून दिसत नाही तर हायलाइट १, हे कुठेच साठत नाही त्यामुळे नुसतं बंद करून उघडलं तरी जातं.

एक गंमत मला ओळखायला फार वेळ लागला होता. प्रत्येक झूमला ड्रॉइंग संथपणे तरंगत तरंगत जागेवर यायचं, मी ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर बदलला, फाइल पर्ज केली, ऑडिट केलं, काही उपयोग नाही. शेवटी सापडलं ते व्हीटीड्युरेशन, म्हणजे एका व्ह्यूवरून दुसऱ्यावर जायला लागणारा वेळ, मूळचा ७५० मिलिसेकंद असतो आणि तो जास्तीत जास्त ५००० करता येतो. तो ५००० होता. व्हीटीएनेबल शून्य केलं तर हे तरंगणंच बंद होतं आणि मला तसंच आवडतं.

रिबन गायब असेल तर रिबन टाईप करा, खालची कमांड लाइन गायब असेल तर कंट्रोल ९, सगळंच गायब होऊन नुसता कॅनव्हास उरला असेल तर कंट्रोल ०. लेआउटचे टॅब दिसत नसतील तर लेआउटटॅब १.

आणि ट्रिम आता वेगळंच वागतं म्हणून कोणी सांगत आलं तर ती ना गंमत ना बिघाड. २०२१ पासून ट्रिम आणि एक्स्टेंडची पद्धत बदललीय, कटिंग एज न विचारता थेट कापतं. जुनी सवय मोडायची नसेल तर ट्रिमएक्स्टेंडमोड शून्य करा.

आहे पण दिसत नाही

टेक्स्टचे चौकोन झालेत तर क्यूटेक्स्ट ऑफ करून रीजेन. हॅच (आकाराच्या आत भरलेली नक्षी) गेलंय आणि जाड पॉलिलाइन पोकळ दिसतायत तर फिल ऑन करून रीजेन. हे दोन्ही ड्रॉइंगमध्ये साठतं, म्हणून फाइल दुसऱ्याला पाठवली तर त्रासही सोबत जातो. मिरर केल्यावर टेक्स्ट उलटं होत असेल तर मिररटेक्स्ट शून्य, पण आधी उलटं झालेलं त्याने सुलटं होत नाही, ते परत मिरर करावं लागतं.

वस्तूच दिसत नसेल तर लोक लगेच लेयर बघतात, बरोबरच आहे, ऑफ आणि फ्रीझ दोन्ही बघा, पण लेयरचा रंग बॅकग्राउंडसारखाच करून ठेवणं ही जुनी खोड आहे तीही तपासा. लेयर सगळे ठीक असतील तर अनआयसोलेट ऑब्जेक्ट्स चालवा. हाइड ऑब्जेक्ट्सने लपवलेल्या वस्तूंचा लेयरशी काहीच संबंध नसतो, त्यामुळे लेयर मॅनेजरमध्ये तासभर बसलात तरी त्या सापडणार नाहीत. तरीही नाही, तर वर वाइपआउट (मागचं झाकणारा कोरा तुकडा) ठेवलेला असू शकतो, वाइपआउटची फ्रेम बंद केली की तो दिसत नाही पण झाकायचं काम चालूच ठेवतो. फ्रेम चालू करा, दिसेल. स्क्रीनवर दिसतं पण प्लॉटमध्ये येत नाही, तेव्हा ती वस्तू डेफपॉइंट्स लेयरवर आहे का बघा, तो लेयर कधीच प्लॉट होत नाही. आणि तुटक रेषा अखंड दिसत असेल तर एलटीस्केल, आणि लेआउटमध्ये पीएसएलटीस्केल १, नंतर रीजेनऑल.

कमांड दुसरंच काहीतरी करते

एल दाबलं की लाइनऐवजी इरेझ सुरू होतं. याची दोन मुळं. एक म्हणजे पीजीपी फाइल, ज्यात शॉर्टकट लिहिलेले असतात. मॅनेज टॅबमध्ये एडिट अलायसेस आहे, फाइल उघडा, शेवटाकडे बघा कारण एकच शॉर्टकट दोनदा असेल तर नंतरचा चालतो आणि गंमत करणारा बहुतेक वेळा शेवटीच ओळ चिकटवतो. ती काढा, सेव्ह करा, मग रीइनिट चालवून पीजीपीवर टिक करा, ऑटोकॅड बंद करायची गरज नाही.

दुसरं मूळ अनडिफाइन. लाइन अख्खी टाईप केली तरी ‘अशी कमांडच नाही’ म्हणतं. तेव्हा नावाच्या आधी एक टिंब देऊन बघा, टिंबासकट मूळ कमांड चालली म्हणजे ती अनडिफाइन केलेली आहे, रीडिफाइन करून लाइन द्या. अनडिफाइन फाइल बंद केली की जातं. प्रत्येक ड्रॉइंग उघडताना परत येत असेल तर अकॅडडॉक नावाची लिस्प फाइल शोधा, ती प्रत्येक ड्रॉइंगबरोबर आपोआप चालते. लिस्पचं फाइंडफाइल फंक्शन कंसात लिहून, पुढे अवतरणात त्या फाइलचं नाव टाकून कमांड लाइनवर द्या, कुठल्या फोल्डरमधली उचलली जातेय तो पूर्ण पत्ता मिळतो. पत्ता सपोर्ट फोल्डरचा नसून तुमच्या ड्रॉइंगच्याच फोल्डरचा आला तर सावध व्हा. ही गंमत नसू शकते, ऑटोकॅडचे लिस्प व्हायरस नेमके असेच पसरतात, झिप केलेल्या प्रोजेक्ट फोल्डरमधून एक छोटी लिस्प फाइल येते आणि मग ज्या फोल्डरमधलं ड्रॉइंग उघडाल तिथे स्वतःची कॉपी टाकत जाते. अशा वेळी ऑटोकॅड सेफमोडचा स्विच लावून उघडा, त्यात बाहेरचा कुठलाच कोड चालत नाही, आणि सिक्युअरलोड शून्य असेल तर १ तरी कराच.

आकड्यांना हात लावला असेल तर

कर्सर तिरका करणं, चौकोन दाखवणं यावर नंतर हसता येतं. डायमेन्शनचा आकडा बदलणं यावर नाही, कारण तो आकडा कोणीतरी वाचून लोखंड कापतं. त्यामुळे तुमच्या मशीनवर कोणी काही केल्याची नुसती शंका जरी आली तरी बाकीचं राहू द्या, हे आधी बघा.

एखादं डायमेन्शन घ्या आणि त्याच दोन बिंदूंमध्ये डिस्ट, म्हणजे अंतर मोजायची कमांड, चालवा. आकडे जुळले नाहीत तर डिमएलफॅक बघा, ते मोजलेल्या मापाला गुणतं, १ हवं. जुळतायत पण दशांश गायब आहे तर डिमआरएनडी बघा, ते मापं गोल करतं, ० हवं. मग सगळी डायमेन्शन एकत्र निवडून प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट ओव्हरराइड वाचा. तो रकाना पूर्ण रिकामा असेल तर निश्चिंत. त्यात काही दिसलं तर एकेक तपासावं लागेल, कारण काही ओव्हरराइड आपणच कारणाने दिलेले असतात, मोजलेल्या मापामागे काही शब्द जोडलेले वगैरे. ज्यात थेट आकडा टाईप केलेला आहे तो रकाना रिकामा करा, खरं माप परत येतं. एक्सप्रेस टूल्स (ऑटोकॅडसोबत येणारा जादा कमांडचा संच) असतील तर डिमरीअसोक हेच काम एका फटक्यात करतं.

आणून टाकलेला ब्लॉक अवाढव्य किंवा अगदी टिचभर येत असेल तर फरक २५.४ पटीचा आहे का बघा, असेल तर इनसयुनिट्स एका फाइलमध्ये इंच आहे आणि दुसऱ्यात मिलिमीटर.

खरे डिस्प्लेचे त्रास

फिलेट होत नाही, सांधे जुळलेले दिसतात पण हॅच भरत नाही, तेव्हा झेड बघा. दोन टोकांमध्ये डिस्ट घेऊन डेल्टा झेड वाचा. नाहीतर फ्रंट व्ह्यूवर जा, सपाट ड्रॉइंग समोरून एकाच रेषेसारखं दिसायला हवं, वरखाली काही तरंगत असेल तर तोच गुन्हेगार. मूळ बहुतेक वेळा एलेव्हेशन व्हेरिएबलमध्ये असतं, ते शून्य करा म्हणजे निदान पुढचं नीट येईल, आणि आधीच्या रेषा निवडून प्रॉपर्टीजमध्ये स्टार्ट झेड, एंड झेड ० करा. फ्लॅटन आहे, पण ते हॅच आणि डायमेन्शनचं कधीकधी भलतंच काहीतरी करून ठेवतं, म्हणून मी ते कॉपीवरच वापरते.

रेषा थरथरतात, पॅन करताना नाचतात, हॅच फाटल्यासारखं दिसतं, तर आयडी कमांड देऊन ड्रॉइंगमधल्या एखाद्या बिंदूवर क्लिक करा. कोऑर्डिनेट कोट्यवधीत आले तर ड्रॉइंग मूळ बिंदूपासून फार लांब बसलंय. ऑटोकॅड आत साधारण १५-१६ आकड्यांपर्यंत हिशेब ठेवतं पण ग्राफिक्स कार्ड दाखवताना बहुतेक ७ आकड्यांवर काम भागवतं, म्हणून भूमिती बरोबर असूनही चित्र हलतं. नुसता यूसीएस हलवून हे जात नाही. ज्या ड्रॉइंगच्या कोऑर्डिनेटला अर्थ नाही ते मूव्ह करून ०,० जवळ आणा. सर्व्हेचं असेल तर अजिबात हलवू नका, ते वेगळी फाइल म्हणून तसंच ठेवा आणि आपल्या कामाच्या फाइलमध्ये अंतर देऊन एक्सरेफ करा, म्हणजे बाहेरची फाइल म्हणून नुसती जोडा. हॅचपुरतं एचपीओरिजिन जवळच्या बिंदूवर आणलं तरी भागतं.

झूम एक्स्टेंट्स केलं की अख्खं ड्रॉइंग ठिपक्याएवढं होतं, म्हणजे लांब कुठेतरी एखादी चुकार वस्तू पडलीय. कंट्रोल ए ने सगळं निवडा, शिफ्ट धरून आपल्या ड्रॉइंगभोवती विंडो ओढा म्हणजे तेवढं सुटतं, आणि उरलेलं डिलीट करायच्या आधी प्रॉपर्टीजमध्ये काय आहे ते वाचा.

कर्सरमागे सावली राहते, निवड सोडली तरी रेषा निळ्याच दिसतात, स्क्रीनचा एखादा तुकडा काळा पडतो, हे मात्र मशीनचं. ग्राफिक्सकॉन्फिग उघडून हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करून बघा. बंद केल्यावर त्रास गेला तर ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्याकडूनच घ्या आणि परत चालू करा, कायमचं बंद ठेवलंत तर मोठ्या फाइल रडवतात. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर ऑटोकॅड कमजोर चिपवर चालतंय का तेही विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये बघून घ्या.

आता सगळं नीट चालतंय तोवर

ऑप्शन्समधल्या प्रोफाइल्स टॅबवरून आपलं प्रोफाइल एक्सपोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवा, एक्सप्रेस टूल्समधलं सिसव्हीडीएलजी उघडून सगळ्या व्हेरिएबलची यादीही सेव्ह करा, दोन्ही मिळून पाच मिनिटं लागतात. २०१६ पासून सिसव्हारमॉनिटर आहे, तो फाइलडाया, पिकअ‍ॅड वगैरे नेहमीच्या व्हेरिएबलवर लक्ष ठेवतो आणि कोणी बदललं की सांगतो, एका क्लिकवर परत आणतो. हवी ती नावं त्यात भरता येतात, मी स्नॅपअँग, एलेव्हेशन आणि डिमएलफॅक भरलीयेत. अगदीच सगळं विसकटलं तर स्टार्ट मेनूत ऑटोकॅडच्या फोल्डरमध्ये रीसेट सेटिंग्ज टू डिफॉल्ट आहे, त्यात आधी बॅकअप घ्यायचा पर्याय येतो, तोच निवडा. आणि उठताना विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा, आमच्याकडे त्या भिंतींच्या प्रकरणानंतर सगळेच करतात.